पत्ता माहीत नसणं कुणाच्या सोयीचं? : घरगुती इंटरनेट टेलिफोनवरच्या तीन सरकारी कागदांचं वाचन

संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘आधी व्याख्या नीट करा.’ पण दुसऱ्याने केलेली व्याख्या वाचायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. आपण ती उचलतो, पहिल्या प्रकरणात चिकटवतो आणि पुढे सरकतो. या लेखात आपण असं पुढे न सरकता एकाच विषयावरचे तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचणार आहोत. विषय माझ्या अभ्यासक्षेत्रातला, म्हणजे दूरसंचार नियमनातला आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी हरकत नाही, वाचायची पद्धत तीच राहते.

विषय आहे घरगुती इंटरनेट टेलिफोन, म्हणजे व्हीओआयपी. व्हॉट्सॅपवरचा कॉल इथे अभिप्रेत नाही. खराखुरा टेलिफोन नंबर असलेला, टेबलावरच्या साध्या फोनवर वाजणारा, पण आतून इंटरनेटवर चालणारा फोन म्हणतोय मी. राउटरला एक छोटा अडॅप्टर जोडायचा आणि त्यात आपला नेहमीचा फोन खोचायचा. अमेरिकेत व्होनेज या कंपनीने ही सेवा घराघरांत नेली. तिथल्या मराठी घरांनाही ती चांगली ओळखीची आहे. ऑगस्ट २००९ मध्ये व्होनेजने महिना २४.९९ डॉलरची एक योजना आणली, तिच्यात साठाहून जास्त देशांत अमर्याद बोलता येत होतं आणि त्या देशांत भारत होता. कॉलिंग कार्डाचे आकडे दाबत बसणं त्यानंतर अनेक घरांतून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, यात चिकित्सा करण्यासारखं काय आहे? आहे. हा फोन नेमका विकतो कोण आणि चालवतो कोण, हे पाहिलं की कळेल.

एका नंबरामागे किती हात

ग्राहकाला एकच नाव दिसतं, बिलावरचं. त्या नावामागे बहुतेक वेळा एक साखळी असते. बिल पाठवणारा हा पुष्कळदा रीसेलर असतो: ब्रँड त्याचा, दर त्याने ठरवलेले, तक्रारीचा फोन त्याच्याकडे. कॉल जोडणारं यंत्र मात्र घाऊक पुरवठादाराचं असतं. टेलिफोन नंबर आणखी तिसऱ्याच कंपनीचे. अमेरिकेत बरीच वर्षं नंबरांचे गठ्ठे फक्त परवानाधारक टेलिफोन कंपन्यांनाच मिळत. व्हीओआयपी कंपन्यांना ते थेट घेण्याची सर्वसाधारण मुभा एफसीसीने, म्हणजे तिथल्या संघराज्य दूरसंचार आयोगाने, २०१५ मध्ये दिली. त्याआधी बरीच वर्षं व्होनेजसारखी मोठी कंपनीसुद्धा नंबरांच्या बाबतीत दुसऱ्या कुणाची तरी गिऱ्हाईकच होती. चौथा हात ब्रॉडबँड कंपनीचा, जिला त्या अडॅप्टरशी काही देणंघेणं नसतं. आणि पाचवा, तातडीच्या ९११ कॉलची वाट ठरवणाऱ्या माहितीकोशाचा.

या धंद्यात रीसेलर मिळवण्यासाठी घाऊक पुरवठादार जी माहितीपत्रकं काढतात, ती तुम्ही एकदा संशोधकाच्या नजरेने वाचाच. ‘नाव तुमचं, बाकी सगळं आमचं’ असा एकूण सूर असतो. आवाजाचा दर्जा, कोडेकची नावं, बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि ‘९९.९९९ टक्के उपलब्धता’. हा शेवटचा आकडा क्षणभर तपासू. वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात. ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. ऐकायला छान आहे. पण हा आकडा घाऊकवाल्याच्या डेटा सेंटरमधल्या यंत्राचा असतो. ग्राहकाच्या घरातला अडॅप्टर, राउटर, वीज, ब्रॉडबँडची तार आणि मग ते यंत्र, अशा पाच कड्या एकापुढे एक धरा आणि प्रत्येक कडी ९९.९ टक्के वेळ चालते असं माना. एकूण उपलब्धता ९९.५ टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षाला साधारण ४४ तास फोन बंद. ग्राहकाच्या दृष्टीने खरा आकडा हाच. माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, तो फक्त एका कडीचा असतो. ‘हा आकडा नेमका कशाचा?’ हा प्रश्न इथून पुढे सोबत ठेवा.

पत्त्याला एवढं महत्त्व का

साध्या टेलिफोनची तार एका घराला बांधलेली असते. त्यामुळे नंबर कळला की पत्ता कळतो. ९११ लावल्यावर नंबरावरून माहितीकोशात पत्ता सापडतो, कॉल त्या भागाच्या नियंत्रण कक्षाकडे जातो आणि कक्षातल्या माणसाच्या पडद्यावर पत्ता उमटतो. बोलणाऱ्याला बोलता आलं नाही तरी रुग्णवाहिका निघू शकते.

इंटरनेट टेलिफोनने नंबर आणि घर यांची ही गाठ सोडवली. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरातला अडॅप्टर कुणी बॅगेत घालून कोथरूडला आणला आणि इथल्या राउटरला जोडला. तो चालेल. एडिसनचाच नंबर कोथरूडला वाजेल. आणि त्यावरून ९११ लावलं, तर नोंदीत पत्ता एडिसनचा असल्यामुळे कॉल एडिसनच्या बाजूला जाईल. सेवेचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा धोका एकाच गोष्टीतून येतात. आता ते तीन कागद पाहू.

पहिला कागद, २००४: पत्ता कळत नाही, म्हणून राज्यांनी दूर राहावं

मिनेसोटा राज्याच्या आयोगाने २००३ मध्ये व्होनेजला सांगितलं, की तुम्ही टेलिफोन सेवा देताय, तर टेलिफोन कंपनीसारखा परवाना घ्या. त्या अटींमध्ये ९११ ची योजना मंजूर करून घेणंही होतं. व्होनेज एफसीसीकडे गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये एफसीसीने मिनेसोटाचा आदेश बाजूला सारला. युक्तिवाद थोडक्यात असा: अमेरिकेत राज्यांतर्गत कॉल राज्याच्या अखत्यारीत येतो आणि आंतरराज्य कॉल संघराज्याच्या. व्होनेजच्या कॉलमध्ये माणूस कुठून बोलतोय हेच कळत नाही, त्यामुळे हे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत. वेगळे काढता येत नाहीत, म्हणून राज्याचा नियम संघराज्याच्या धोरणाला अडथळा ठरतो.

युक्तिवादाचा सगळा भार एका वस्तुस्थितीवर आहे: ‘ठिकाण कळत नाही’. कागदात ती तंत्रज्ञानाचा गुणधर्म म्हणून मांडली आहे, जणू पाण्याने खाली वाहावं तशी.

दुसरा कागद, २००५: पत्ता कळलाच पाहिजे, म्हणून ग्राहकाला विचारा

फेब्रुवारी २००५ मध्ये ह्यूस्टनमधल्या एका घरात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी नवरा-बायकोवर गोळ्या झाडल्या. त्यांच्या किशोरवयीन मुलीने घरातल्या इंटरनेट फोनवरून ९११ लावलं. कॉल लागला नाही, रेकॉर्ड केलेला संदेश ऐकू आला. त्या काळी या सेवेत ९११ आपोआप चालू होत नसे, ग्राहकाला ते वेगळं सुरू करून घ्यावं लागे. मार्चमध्ये टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी व्होनेजवर दावा लावला. ९११ ची सोय आपोआप मिळत नाही, हे ग्राहकांना पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं, हा त्यातला मुख्य मुद्दा.

एफसीसीने मे २००५ मध्ये आदेश मंजूर केला आणि जूनमध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात ‘परस्परजोडणी असलेली व्हीओआयपी सेवा’ अशी व्याख्या आहे आणि तिला चार अटी आहेत. एक, तत्क्षणी दोन्ही बाजूंनी बोलता यावं. दोन, वापरणाऱ्याच्या ठिकाणी ब्रॉडबँड लागावं. तीन, इंटरनेट प्रोटोकॉलशी जुळणारं उपकरण लागावं. चार, सार्वजनिक टेलिफोन जाळ्यावरून आलेले कॉल घेता यावेत आणि त्या जाळ्यावर कॉल लावताही यावेत. या चारही अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराने ९११ ही वेगळी मागायची गोष्ट न ठेवता सेवेचा भाग म्हणूनच द्यायची.

ही व्याख्या मला फार आवडते, आणि का ते सांगणं चिकित्सकाचं कामच आहे. त्या चार अटींमध्ये काय नाही ते बघा. यंत्र कुणाचं, नंबर कुणाचे, तार कुणाची, यातलं काहीही नाही. व्याख्या ग्राहकाच्या बाजूने केली आहे: त्याच्या टेबलावरची वस्तू टेलिफोनसारखी वागते का, एवढंच ती विचारते. त्यामुळे ‘आम्ही फक्त रीसेलर, यंत्रं आमची नाहीत’ ही पळवाट तिथल्या तिथे बंद होते. ९११ च्या जाळ्याशी थेट जोडणी करा, तिसऱ्या कंपनीमार्फत करा किंवा आणखी कशीही करा, पण जबाबदारी जो सेवा विकतो त्याची. रीसेलरला हे काम दुसऱ्याकडून करून घेता येतं, जबाबदारी मात्र झटकता येत नाही. आपल्या साखळीतल्या पाच हातांपैकी ग्राहकाला दिसतो त्याच हातावर कायद्याने बोट ठेवलं.

आता दुसरी बाजू. पत्ता कळायचा कसा? आदेशाचं उत्तर आहे ‘नोंदवलेलं ठिकाण’. सेवा सुरू करण्याआधी पुरवठादाराने प्रत्येक ग्राहकाकडून पत्ता घ्यायचा. ग्राहक हलला तर त्याने तो बदलायचा आणि बदलण्याची सोय पुरवठादाराने करून द्यायची. शिवाय ९११ च्या मर्यादा साध्या भाषेत सांगायच्या, ‘मला समजलं’ अशी पोचपावती घ्यायची आणि उपकरणाजवळ लावायला इशाऱ्याचे स्टिकर वाटायचे. ती पोचपावती गोळा करायलाच पुढे मुदत वाढवून द्यावी लागली.

म्हणजे ह्यूस्टनच्या घटनेत जी कडी तुटली होती, ‘ग्राहकाने स्वतःहून काहीतरी करायला हवं होतं’, ती कडी नव्या नियमातही राहिली, फक्त पुढे सरकली. आधी ग्राहकाने ९११ सुरू करायचं होतं. आता पत्ता ताजा ठेवायचा आहे. घर बदलताना गॅस, दूध, बँक आणि शाळा यांच्या यादीत अडॅप्टरचा पत्ता कितव्या नंबरावर येतो, याचा अंदाज तुम्हीच करा.

चौथी अटही नीट वाचा: कॉल घेता यावेत *आणि* लावता यावेत. या एका ‘आणि’मुळे फक्त बाहेर कॉल लावू देणाऱ्या सेवा व्याख्येच्या बाहेर राहिल्या. वापरणाऱ्याला मात्र आपला फोन अर्धा आहे की पुरा, हे संकटाच्या वेळी आठवत नाही.

तिसरा कागद, २००६: पत्ता कळत नाही, म्हणून ६४.९ टक्के

जून २००६. विषय पैशाचा. दुर्गम भाग, शाळा, ग्रंथालयं, गरीब घरं यांच्या दूरसंचारासाठी अमेरिकेत एक सार्वत्रिक सेवा निधी आहे. कंपन्या आपल्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय महसुलातून त्यात भर घालतात. एफसीसीने ठरवलं की व्हीओआयपीवाल्यांनीही घालावी. पण आंतरराज्य महसूल किती, हे ठरवायला कॉल कुठून कुठे गेला ते कळायला हवं, आणि ते तर ‘कळत नाही’. म्हणून तीन पर्याय दिले: खरा आकडा काढा, वाहतुकीचा नमुना-अभ्यास करा किंवा सरळ महसुलाचा ६४.९ टक्के भाग आंतरराज्य धरा.

६४.९ हा आकडा कुठून आला? दशांश चिन्हानंतरचा तो ९ पाहून वाटतं की कुणीतरी व्हीओआयपीचे कॉल मोजले असावेत. तसं नाही. व्हीओआयपीची तुलना तारेवरच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन सेवेशी करून, त्या सेवेतलं प्रमाण इथे लावलं. म्हणजे आकडा मोजलेलाच आहे, पण दुसऱ्या वस्तूवर. माहितीपत्रकातल्या ९९.९९९ ची आठवण झाली ना? ‘हा आकडा नेमका कशाचा?’ हा प्रश्न विक्रेत्याच्या कागदाला लागतो तसाच सरकारी कागदालाही लागतो. २००७ मध्ये न्यायालयाने ६४.९ टिकवला, नियामकाचा अंदाज वाजवी ठरवला. पण ‘वाजवी’ आणि ‘मोजलेला’ यांतला फरक तुमच्या प्रबंधात पुसला जाता कामा नये. नेब्रास्का राज्याने तर याची उलट बाजूही वापरून पाहिली: १०० मधून ६४.९ गेले, उरलेले ३५.१ टक्के राज्यांतर्गत, त्यावर आमच्या निधीचा वाटा द्या! २००९ मध्ये न्यायालयाने ते अडवलं. २०१० मध्ये एफसीसीने मात्र राज्यांना असा वाटा घ्यायची मुभा दिली. एका अंदाजाला दुसरा अंदाज असा फुटतो.

याच निकालात रीसेलरांशी थेट संबंधित एक गोष्ट आहे. नेहमीचा नियम असा, की जो रीसेलर स्वतः निधीत पैसे भरतो, त्याच्याकडून आलेल्या महसुलावर घाऊकवाल्याने पुन्हा भरायचे नाहीत, नाहीतर एकाच रुपयावर दोनदा कर लागल्यासारखं होतं. एफसीसीने व्हीओआयपीसाठी हा नियम दोन तिमाह्यांपुरता स्थगित केला होता. न्यायालयाने ती स्थगिती रद्द केली. आता याची तुलना पत्त्याशी करा. पैसा साखळीतल्या कुठल्या कडीवर मोजायचा, यावर खल झाला, दावा झाला, निकाल लागला. ग्राहकाचा पत्ता मात्र ग्राहकाच्या तोंडून आला तेवढाच. तो रीसेलरकडून घाऊकवाल्याकडे आणि तिथून ९११ च्या माहितीकोशात जाताना वाटेत किती शिळा होतो, याला तेवढ्या बारकाव्याचा हिशेब मिळाला नाही.

तिन्ही एकत्र ठेवल्यावर

वेगवेगळे वाचले तर तिन्ही कागद आपापल्या जागी नीट वाटतात. शेजारी ठेवले की शिवण दिसते. ‘ठिकाण कळत नाही’ हे वाक्य पहिल्या कागदात राज्यांना दूर ठेवतं, तिसऱ्यात तयार टक्केवारी देतं, आणि मधल्या कागदात, जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे मात्र ठिकाण कळू शकतं असं धरलं जातं, ग्राहकाने सांगितलं तर. तिन्ही ठिकाणी सेवा तीच, अडॅप्टर तोच, आयोगही तोच.

याहून बोलकी ओळ २००६ च्या आदेशात आहे. तिचा आशय असा: ज्या पुरवठादाराला आपल्या ग्राहकांचे कॉल कोणत्या हद्दीतले हे माग काढून सांगता येतं, त्याला २००४ च्या आदेशाचं संरक्षण मिळणार नाही आणि तो राज्यांच्या नियमांखाली येईल. या ओळीवर थांबा. पुरवठादाराच्या खुर्चीत बसून ती पुन्हा वाचा. ठिकाण शोधायची यंत्रणा उभारायला खर्च आहे, आणि ती उभारल्याचं बक्षीस म्हणजे पन्नास राज्यांचे नियम. मग ती कोण उभारेल? पहिल्या कागदात जो तंत्रज्ञानाचा गुणधर्म होता, तो तिसऱ्या कागदापर्यंत सवलतीची अट झाला. न कळणं इथे सोयीचं ठरतं, आणि ते एकट्या कंपन्यांच्याच सोयीचं नव्हे. नियामकालाही त्यातून अधिकाराचा प्रश्न एका फटक्यात सोडवता येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: या कागदांत अज्ञान हा निष्कर्ष म्हणून येत नाही, गृहीतक म्हणून येतं. आणि गृहीतकाला विचारायचा प्रश्न ‘हे खरं आहे का?’ एवढाच नसतो. ‘हे खरं राहण्यात कुणाचं हित आहे?’ हाही असतो.

उलट बाजूने काय म्हणता येईल

चिकित्सा करताना समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा आपणच मांडायचा असतो. तो असा: २००५ मध्ये फिरत्या अडॅप्टरचं ठिकाण आपोआप शोधण्याची भरवशाची रीत नव्हती. आयपी पत्त्यावरून शहराचा अंदाज येतो, तिसऱ्या मजल्यावरचं दार सापडत नाही. अशा वेळी ‘आपोआप ठिकाण द्या’ असा हुकूम काढला असता, तर छोटे पुरवठादार आणि रीसेलर बुडाले असते. दिलेली १२० दिवसांची मुदतसुद्धा अशक्य आहे, असं म्हणत काही कंपन्या न्यायालयात गेल्याच. डिसेंबर २००६ मध्ये नुविओ कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने मुदत योग्य ठरवली. आणि एफसीसीने २००५ मध्येच आपोआप ठिकाण मिळवण्याचा प्रश्न पुढच्या विचारासाठी खुला ठेवला होता, हेही नमूद करायला हवं.

हा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. २००५ चा तोडगा त्या वर्षाचा म्हणून समजण्यासारखा आहे. पण तो किती काळ पुरला ते बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये एफसीसीने नवे नियम केले. मदत पोचवण्याजोगं ठिकाण, म्हणजे रस्त्याच्या पत्त्याबरोबर गरजेप्रमाणे मजला-खोलीसुद्धा, कॉलबरोबर जावं असं ठरलं. एका जागी स्थिर असलेल्या व्हीओआयपीसाठी ६ जानेवारी २०२१ आणि फिरत्यासाठी ६ जानेवारी २०२२ ही तारीख ठरली. फिरत्या सेवेला तेव्हाही ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर’ ही सवलत मिळालीच. फक्त बाहेर कॉल लावणाऱ्या सेवांनाही याच वेळी ९११ च्या नियमांत घेतलं, म्हणजे त्या ‘आणि’ची दुरुस्ती झाली. मधे गेली चौदा वर्षं. तेवढ्या काळात बहुतेकांच्या खिशातला फोन स्वतःचं ठिकाण सांगायला शिकला होता. यामागे फक्त तंत्रज्ञानाचीच अडचण होती का, की माग न काढण्यातला फायदाही होता, हा माझ्या मते एक चांगला आणि अजून मोकळा संशोधनप्रश्न आहे. कुणाला हवा असेल तर घ्या.

आपल्याकडे

भारताचा रस्ता वेगळा आहे. इथे १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनी मर्यादित स्वरूपात खुली झाली, पण देशातल्या टेलिफोन जाळ्यावर कॉल उतरवायला बंदी होती. २४ ऑक्टोबर २०१७ ला ट्रायने शिफारसी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी स्पष्ट केल्यावर बीएसएनएलने ‘विंग्स’ सेवा जाहीर केली. रीसेलरच्या जवळ जाणारी आपली कल्पना म्हणजे आभासी जाळ्याचा पुरवठादार, व्हीएनओ. त्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची.

ट्रायच्या शिफारसींमधला तातडीच्या कॉलवरचा भाग वर वाचलेल्या कागदांशेजारी ठेवून वाचा. आशय असा: पुरवठादारांना ही सोय द्यायला प्रोत्साहन द्यावं, सध्या सक्ती करू नये आणि मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगाव्यात. अमेरिकेने २००५ मध्ये जी पायरी चढली, ‘विकणाऱ्याची जबाबदारी’, ती इथे पुढे ढकलली गेली. अमेरिकेच्या नियमातला सगळ्यात दुबळा भाग, ‘ग्राहकाला सांगून ठेवा’, तो मात्र इथेही आहे. याची कारणं चांगली असू शकतात, इथल्या परवाना पद्धतीत किंवा पत्त्यांच्या व्यवस्थेत. ‘मारुतीच्या देवळामागे, पिवळा बंगला’ हा पत्ता कुठल्या माहितीकोशात बसवायचा? पण ‘सध्या’ हा शब्द किती वर्षांचा असतो, हे वर पाहिलंच आहे.

तुमच्या प्रबंधासाठी

संशोधन प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा, विषय कोणताही असो, तुमच्या मुख्य संज्ञेला हे चार प्रश्न विचारा.

१. ही व्याख्या कुणाच्या बाजूने पाहते? मालकाच्या, नियामकाच्या, की वापरणाऱ्याच्या?
२. तिच्यातला एखादा ‘आणि’ किंवा ‘सध्या’ कुणाला बाहेर ठेवतो?
३. सोबतचा आकडा याच वस्तूवर मोजलाय, की शेजारच्या वस्तूवरून आणलाय?
४. जे ‘माहीत नाही’ म्हणून धरलंय, ते माहीत करून घ्यायला कुणी पैसे खर्च करेल का? आणि केले तर त्याचा फायदा होईल की तोटा?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो. शेती, आरोग्य, स्थलांतर, भाषा, कुठेही लावून बघा. ‘आकडेवारी उपलब्ध नाही’ हे वाक्य प्रबंधांच्या मर्यादांमध्ये आपण सर्रास लिहितो आणि पुढे जातो. एकदा त्या वाक्यापाशीच थांबा आणि ती कुणी गोळा करायची होती, तो आत्ता कुठे आहे आणि गोळा न केल्यामुळे त्याचं काय अडलं, हे शोधा. कधीकधी प्रकरण तिथेच सापडतं.

आणि तुमच्या घरात, किंवा परदेशातल्या आत्या-मावशीच्या घरात, असा अडॅप्टर असेल, तर आज जेवणानंतर पाच मिनिटं काढा. खात्यात लॉगिन करून तातडीच्या सेवेखाली कोणता पत्ता लिहिलाय तो बघा. मागच्या घराचा असेल, तर बदलून टाका.